गणपतीने दूध प्यायलं, आणि पुढे?

आज सकाळी देव घासायला काढले होते. भाच्याने कुठूनतरी गणपती दूध प्यायल्याचा जुना व्हिडिओ शोधला आणि विचारलं, "आजी, तू पण गेली होतीस?"

"मग! चांगली रांगेत उभी होते," आई म्हणाली.

२१ सप्टेंबर १९९५. तेव्हा केंद्राच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं होतं. सोंडेला चमचा टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. पठ्ठ्याने लगेच दुधात हळद कालवून आमच्या पितळी गणपतीवर प्रयोग केला. पिवळी रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून थेट तबकात!

आई शांतपणे म्हणाली, "तेव्हाही दिसलं होतं मला. पायाशी नुसती चिकचिक झाली होती. तो दूध पितो म्हणून का मी हात जोडते?"

तिचं हे मला आवडलं. चमत्कार दाखवून देव सिद्ध करायचा, तर मग तपासणीही सोसायला हवी. नुसती श्रद्धा असेल तर कोणाची हरकत? दाभोलकरही हेच सांगायचे, विरोध देवाला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे.

पण आईचं सगळंच पटत नाही. माझी नोकरी लागली तेव्हा नवस फेडायला हीच गेली होती. तो पुरावाच झाला ना? आणि ज्यांची लागली नाही, त्यांचं काय?

हे विचारलं, तर म्हणे, "आधी ते तबक धू. हळदीचे डाग जात नाहीत."