कोरोलाचा गिअर चेंबर आणि आतलं सिलिकॉन

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टने बसवलेला तेलाचा पत्र्याचा ट्रे, गळतोय म्हटलं की बरेच जण एकच काम करतात, दहाची गोटी (बोल्ट फिरवायचा सॉकेट) घेतात आणि बोल्ट आवळून मोकळे होतात. गळती चार दिवस थांबते, मग पहिल्यापेक्षा जोरात चालू होते, मग परत आवळतात. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे वागळे इस्टेटला एक जुनी कोरोला आली, तिच्यावर हा प्रयोग बऱ्याच जणांनी करून झाला होता आणि वर कोणीतरी आपलं जास्तीचं डोकं पण चालवलं होतं.

गाडी 2005 ची, 1.8 पेट्रोल, चार स्पीडचा ऑटो गिअर. मालक नौपाड्यातले काका, सत्तरीच्या पुढचे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबायचा म्हणजे जीवावर येतं, म्हणून ही गाडी त्यांना सोडवत नाही. मुलगा कधीपासून म्हणतोय विकून टाका, काका म्हणतात 15 वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली ती काय विकायला केली होती का. सोसायटीत नवीन पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यावर यांच्या गाडीखाली लाल डाग पडतो, सेक्रेटरीने लेखी पत्र दिलंय. काका रोज रात्री गाडीखाली मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवतात आणि सकाळी काकू तो बघून सांगतात आज किती पडलं. तो पुठ्ठा पण घेऊन आले होते, पिशवीत घालून. मला हसू आलं, पण खरं सांगतो, असा पुठ्ठा सगळ्या कस्टमरनी आणला तर आमचं निम्मं काम सोपं होईल.

कारण या गाडीत लाल रंगाच्या तीन गोष्टी आहेत. कूलंट लाल, पॉवर स्टेअरिंगचं ऑईल लाल आणि गिअरचं एटीएफ, म्हणजे ऑटो गिअरबॉक्सचं ऑईल, ते पण लाल. आधीच्या गॅरेजने स्टेअरिंगची लाईन गळते म्हणून सांगितलं होतं आणि तिचे पैसेही घेतले होते. पुठ्ठ्यावरचा डाग बोटाने चोळला तर तेलकट लागला, म्हणजे कूलंट नाही, कूलंट पुठ्ठ्यात शिरून सुकतं आणि कडेला पांढरट खार राहतो. रंग तपकिरीकडे झुकलेला आणि जरासा करपट वास. स्टेअरिंगच्या बाटलीत लेव्हल बरोबर मार्कवर. गिअरच्या ऑईलचं गेज, लेव्हल बघायची पट्टी, काढलं तर टोकाला नुसता ओलावा. काकांना विचारलं चालवताना काय जाणवतं, तर म्हणाले, "अरे डी मध्ये टाकली की आधी विचार करते, मग धक्का मारून निघते. आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर वळण आलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही."

वळणावर ऑईल एका बाजूला जातं, कमी असेल तर स्ट्रेनरचं, म्हणजे पंपाआधीच्या गाळणीचं, तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. प्रेशर गेलं की गिअरबॉक्सच्या आतले क्लच (पायाने दाबायचा नसला तरी आत असतात) घसरणार. काकांना म्हटलं, काका, डागाचं जाऊ दे, अशीच चालवली असती तर गिअरबॉक्सच गेला असता.

गाडी लिफ्टवर घेतली. खालून सगळा चिखल आणि तेलाचा थर, पावसात रस्त्यावरचं पाणी उडून तेल मागेपर्यंत पसरतं, कुठून सुरू झालं ते कळतच नाही. डिझेलने धुतलं, ब्रेक क्लीनर मारला, पुसून कोरडं केलं, मग टाल्कम पावडरीचा डबा घेऊन सगळीकडे भुरभुरवली. इंजिन चालू करून गरम होऊ दिलं आणि चहा पिऊन आलो. परत येऊन बघतो तर चेंबरच्या मागच्या कडेला पावडरीत दोन ओल्या रेघा, बरोबर दोन बोल्टच्या मधून. वर अॅक्सल सीलपाशी कोरडं, गिअरचं ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या पाईपाशी कोरडं. पावडरीचा उपाय जुना आहे पण मला अजून त्याच्याइतका स्वस्त आणि खरं बोलणारा दुसरा सापडलेला नाही.

आता चेंबर. कडेभोवती करड्या सिलिकॉनची जाड वळकटी बाहेर आलेली, बर्फीवरून खवा ओघळावा तशी. मूळ पॅकिंग, म्हणजे चेंबर आणि गिअरबॉक्सच्या मधली गळती रोखणारी पट्टी, वेगळं असतं, त्यावर कोणीतरी वरून आणि खालून सिलिकॉन चोपडून बसवलेलं. ड्रेन प्लग खोलून ऑईल काढलं, मग बोल्ट एकेक आडवे-तिडवे सैल केले. मागचे दोन बोल्ट नुसतेच फिरत होते, आटे गेलेले. केसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं कवच, अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, जोर केला की मऊ हरतं. चेंबर खाली आला तो उरलेलं ऑईल घेऊनच, पोऱ्याने ट्रे धरला होता तरी त्याच्या कोपरापर्यंत लाल.

आणि आत बघितलं तर सिलिकॉनचे तुकडे. बाहेर दाबलं जातं तेवढंच आत पण दाबलं जातं हे लावणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, कारण आतलं दिसत नाही. गांडुळासारख्या लांब पट्ट्या सुटून ऑईलमध्ये पोहत होत्या आणि त्यातल्या निम्म्या स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन चिकटल्या होत्या. जाळीचा एक कोपरा तर पूर्ण बंद. म्हणजे बिचारा पंप दोन्हीकडून मार खात होता, ऑईल कमी आणि जे होतं ते पण ओढायला जागा नाही. मी काकांना बोलावलं आणि चिमट्याने एक पट्टी उचलून हातावर ठेवली. काका ती ताणून बघत राहिले, म्हणाले, "याचे पैसे मी दिलेत?" दिलेत काका, लेबर सकट.

चेंबरातल्या मॅग्नेटवर करडी मऊ पेस्ट होती. काका घाबरले, पण ती असायचीच, क्लच आणि स्टीलची झीज आहे ती, इतक्या वर्षांची. बोटाला टोचतील असे कण किंवा चकाकते तुकडे असते तर मी सरळ सांगितलं असतं पॅकिंगवर पैसे घालू नका. तसं काही नव्हतं, नशीब.

मग खरं काम, जे कोणी करत नाही. चेंबर धुवून आमच्या जुन्या टेबलच्या काचेवर उलटा ठेवला तर प्रत्येक बोल्टच्या भोकाशी पत्रा केसिंगच्या बाजूला उचललेला आणि मधे फट. पॅकिंग दाबायचं तर मधे दाबायला पाहिजे आणि तिथेच पत्रा लांब गेलेला, गळणार नाही तर काय होणार. जितका आवळाल तितकं भोक उचलतं आणि मधली फट वाढते. या बोल्टला कंपनीच्या मॅन्युअलात पाच न्यूटन मीटरच्या आसपास टाईट करायला सांगितलंय, चाकाच्या नटाला शंभरच्या वर. पाच म्हणजे लहान रॅचेट दोन बोटात धरून, मनगट न वापरता. आणि लोक लांब हँडल लावून दात-ओठ खातात.

सागवानाचा ठोकळा खाली घेतला, कड त्यावर टेकवून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू एकेक भोक परत सपाट केलं. ठोकायचं, काचेवर ठेवायचं, कागद सरकतोय का बघायचं, परत ठोकायचं. पोऱ्या कंटाळून म्हणाला कुर्ल्याहून जुना चेंबर आणतो की, सीएसटी रोडला मिळेल. मिळेलही, पण तो पण कोणीतरी असाच आवळलेला असणार. दुपारचं जेवण त्यातच गेलं. केसिंगचा तळ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, लोखंडी स्क्रॅपर लावला नाही, तिथे ओरखडा पडला की तो कायमचा. आटे गेलेल्या दोन भोकांना हेलिकॉईल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवली, बुरादा आत जाऊ नये म्हणून ड्रिलला ग्रीस लावून.

नवा स्ट्रेनर, नवं पॅकिंग, कोरडं, सिलिकॉनचा थेंब नाही. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यात आवळले. काका शेजारी स्टुलावर बसले होते, म्हणाले, "एवढंच? अजून आवळ ना थोडं." मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

ऑईल टी-फोर, टोयोटाचं याच गाडीसाठीचं एटीएफ. काही जण स्टेअरिंगचंच ऑईल ओततात लाल आहे म्हणून, ते करू नका, क्लचची पकड त्यावर अवलंबून असते. चेंबर काढला की साधारण तीन-साडेतीन लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरात (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) अडकून राहतं, त्यामुळे एका वेळेत सगळं बदलत नाही. मशीन लावून फ्लश करायचा सल्ला काकांना कुठेतरी मिळाला होता, मी नको म्हटलं, जुन्या गिअरबॉक्समधला बसलेला गाळ जोराने हलवण्यापेक्षा महिन्याभराने परत एकदा ड्रेन करून भरू. लेव्हल मात्र गरम बघायची, गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, ब्रेक दाबून पी पासून एल पर्यंत सगळे गिअर फिरवून परत पी, मग गेज. आमची गल्ली उताराची आहे म्हणून गाडी मागच्या कंपनीच्या कंपाऊंडमध्ये नेली, वॉचमन ओळखीचा.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर ट्रायलला गेलो, काका स्वतः चालवायला बसले. तीन हात नाक्याचं ट्रॅफिक, मग घोडबंदर रोड. गायमुखच्या चढावर ते वळण आलं तसं त्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडीने गिअर खाली टाकला आणि सरळ वर चढली. काका काही बोलले नाहीत, वर जाऊन यू-टर्न मारला आणि तोच चढ परत चढून बघितला.

बिलावर त्यांनी घासाघीस केलीच, लेबर जास्त वाटलं, म्हणाले पॅकिंग तर एवढंसं. मी थोडे कमी केले, हेलिकॉईलचे मात्र सोडले नाहीत. महिन्याभराने आले तेव्हा चेंबर कोरडा होता, ऑईल दुसऱ्यांदा बदललं. रेडिएटरकडे जाणारा कूलरचा रबरी पाईप मात्र आता कडक झालाय, टोकाला बारीक चिरा दिसतात, तो दिवाळीच्या आधी बदलून घ्या म्हणून सांगितलंय.