भरीत वांगं, बॅच ७: ते कोंब नव्हते, मुळं होती

भरिताच्या वांग्याच्या रोपाचे तुकडे बरणीत पोषक जेलवर वाढवून त्यांतून नवे कोंब काढायचा प्रयोग (टिश्यू कल्चर) चालू आहे, ही त्याची सातवी खेप. मागच्या नोंदीत बरणी ३ आणि ५ मधल्या हिरव्या गाठींना 'कोंब' म्हटलं होतं. ते चुकलं. नव्या ब्लेडने गाठींचे उभे पातळ काप घेतले, ०.०५ टक्के टोल्युडिन ब्लू या रंगात मिनिटभर ठेवले आणि साध्या पाण्यात धुतले. मधोमध निळसर-हिरव्या झायलमचा (पाणी वाहणाऱ्या ऊतीचा) एकच दोर दिसला, टोकाला सैल पेशींची टोपी होती आणि पानाच्या उंचवट्याचा मागमूस नव्हता. शिवाय गाठ कॅलसच्या (कापलेल्या तुकड्यावर वाढणाऱ्या पेशींच्या गोळ्याच्या) पृष्ठभागावर उगवलेली नाही, ती आतून वाट फोडून वर आली आहे. म्हणजे मुळंच. उजेडात वाढल्यामुळे हिरवी झाली. यापुढे काप घेतल्याशिवाय कुठल्याही गाठीला कोंब म्हणायचं नाही.

बियाणं तेच, बामणोदकडचं भरिताचं वांगं. बी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ४५ सेकंद, मग एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी यात द्रव साबणाचा एक थेंब टाकून १५ मिनिटं, शेवटी निर्जंतुक पाण्याचे तीन हात. बुरशी फक्त एका बरणीत आली, तीही झाकणाच्या कडेने. स्टिल-एअर बॉक्सवर (आत हवा हलू न देणाऱ्या साध्या पेटीवर) एवढं साधतंय हे समाधान मोठं आहे. लॅमिनार फ्लोसाठी (गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्रासाठी) इतक्यात पैसे घालायची गरज नाही.

आता मूळ दुखणं. या बॅचचा कॅलस मीडिया (पोषक जेल) असा होता: एमएस (मुराशिगे-स्कूग क्षारमिश्रण), साखर ३० ग्रॅम, एनएए (ऑक्सिन गटातलं हार्मोन) २ मिलीग्रॅम आणि बीएपी (सायटोकायनिन गटातलं हार्मोन) ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटर. त्यावर २८ दिवस, नंतर नुसत्या बीएपी २ मिलीग्रॅमवर. ऑक्सिन जास्त तर मूळ, सायटोकायनिन जास्त तर कोंब, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवलं. त्या हिशेबाने दुसऱ्या मीडियावर कोंबच यायला हवे होते. आले नाहीत, कारण आपण फक्त बरणीतलं प्रमाण मोजलं. पेशी तोवर कुठल्या वाटेला लागली आहे, हे पाहिलंच नाही.

कॅलस म्हणजे ओळख पुसलेल्या कोऱ्या पेशींचा गोळा, ही समजूत सोडावी लागेल. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावरच्या २०१० च्या कामात दिसलं की पान किंवा पाकळीपासून केलेला कॅलससुद्धा उपमुळाच्या अंकुरासारखाच घडतो आणि त्यात मूळटोकाची जनुकं चालू असतात. कॅलस येतो तो शिरांभोवतीच्या, पेरिसायकलसारख्या (मुळात उपमुळं फुटतात त्या थरासारख्या) पेशींतून. उपमूळ सुरू करणारं एएलएफ४ जनुक बिघडलेलं असेल, तर कॅलसही नीट बनत नाही. म्हणजे जास्त ऑक्सिनवर २८ दिवस ठेवून आपण मुळाचीच वाट पक्की केली.

कोंबाकडे वळायला वुशेल हे जनुक जागं व्हावं लागतं. पानाच्या पेशीत ते हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) मिथाइल खुणांनी बंद असतं. सायटोकायनिनवर पेशी विभागत राहिल्या की या खुणा हळूहळू पुसट होतात. मग एआरआर१, १०, १२ ही सायटोकायनिनचा इशारा पोहोचवणारी प्रथिनं आणि त्यांच्या जोडीची एचडी-झिप ३ प्रथिनं वुशेलच्या स्विचवर बसतात आणि ते चालू करतात. पुढे वुशेलचं प्रथिन वरच्या थरांत सरकून सीएलव्ही३ हे जनुक चालू करतं आणि सीएलव्ही३ उलट वुशेलला आवर घालतं. या ओढाताणीवरच कोंबाचा मेरिस्टेम (सतत विभागणारं टोक) योग्य आकाराचा राहतो. हा तपशील अरॅबिडॉप्सिसचा आहे, वांग्यात तो जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नये. पण एक धडा उचलण्यासारखा आहे: खुणा पुसायला विभाजन लागतं, म्हणून सायटोकायनिन लवकर द्यावं, पेशी जोमात विभागत असतानाच.

दुसरी शंका एनएएवर. आयएए (वनस्पतीतलं नैसर्गिक ऑक्सिन) उष्णतेने, उजेडाने आणि पेशीतल्या एन्झाइमांनी बरंच मोडतं. एनएए टिकाऊ आहे. कॅलसचा जाड गोळा तसाच उचलून ठेवला तर जुनं एनएए सोबत जातं आणि नव्या मीडियावरचं प्रमाण बिघडतं. म्हणून गोळा ३-४ मिलीमीटरचा कापून ठेवायचा आणि आठवड्याने पुन्हा ताज्या बीएपीवर हलवायचा.

ठरलं होतं की बॅच ८ मध्ये फक्त बीएपी वाढवून ३ मिलीग्रॅम करायचं. ही नोंद लिहिता लिहिता ते रद्द केलं. प्रश्न वेळेचा असेल तर वेळच बदलून पाहायला हवी. चार गट करू: एनएएवर ०, ४, ७ आणि १४ दिवस, त्यानंतर सगळ्यांना बीएपी २ मिलीग्रॅम. पाचवी बरणी हार्मोनशिवाय, तुलनेसाठी. बीजदलांचे तुकडे ५ मिलीमीटरचे, बीजदलांखालच्या दांड्याचे ८ मिलीमीटरचे. दांड्याचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावा, हेही आत्ताच सुचलं. मुळाजवळचा भाग आणि बीजदलाजवळचा भाग एकसारखं वागतील, असं धरायला काही आधार नाही.

साहित्याबद्दल थोडं. किराण्यातल्या चायना ग्रासने (अगरने) या वेळी दगा दिला, लिटरला ८ ग्रॅम टाकूनही जेल थलथलीत राहिलं. पाकिटागणिक ताकद बदलते, त्यामुळे तुलनेच्या प्रयोगात कल्चर ग्रेड अगरच वापरा. पीएच ५.८ ला बांधा. ५ च्या खाली गेला तर चांगला अगरही धरत नाही. बीएपी आधी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या चार-पाच थेंबांत विरघळवून मग पाणी घालायचं, थेट पाण्यात ते तळाशी बसतं. कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यापासून २० मिनिटं पुरतात.

उरला उन्हाळा. जळगावात पारा ४४ वर गेला की खोली ३६ च्या खाली येत नाही. वीज जाऊन आली की बरणीत थेंब साचतात आणि पानं काचेसारखी होतात. बरण्या थर्माकोलच्या खोक्यात, गार पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवल्या तर चढउतार कमी होतो. झाकणावर घट्ट पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणाळ पट्टी) मात्र नको. कापलेल्या ऊतीतून निघणारं इथिलीन आत कोंडलं तर कोंब फुटायला अडथळा येतो. भोक पाडून कापसाचा बोळा लावलेलं झाकण बरं.

बॅच ८ चे पहिले काप बीएपीवर २१ व्या दिवशी. घुमट आणि त्याच्या बाजूला पानाचे दोन उंचवटे दिसले, तरच कोंब म्हणून नोंद होईल.