औषधाचा इशारा येतो, पण वाचला जातो का?

रुग्णालयात डॉक्टर औषधाची ऑर्डर ज्यात टाकतात आणि चूक दिसली की जे इशारा देतं, ते औषधसुरक्षेचं सॉफ्टवेअर तपासायला घेतलं की बहुतेक जण एवढंच बघतात: चुकीची ऑर्डर टाकली की इशारा येतो का? ही अर्धीच तपासणी झाली. इशारा आल्यावर ड्यूटीवरचे रेसिडेंट डॉक्टर ऑर्डर बदलतात की एंटर दाबून पुढे जातात, हे त्यांना चाचणीची कामं देऊन शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

रेसिडेंटना पहिलं काम मेथोट्रेक्सेटचं द्या. संधिवाताला हे औषध आठवड्यातून एकदाच असतं. रोज गेलं तर तोंडात व्रण येतात, पांढऱ्या पेशी घटतात, रुग्ण दगावूही शकतो. काल्पनिक रुग्णाच्या केसपेपरवर ‘१५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा’ लिहा आणि हात कुठे जातो ते बघा. औषध निवडताच ‘रोज एकदा’ आपोआप भरलं जात असेल आणि वर नुसतं ‘हाय अलर्ट औषध. पुढे जायचं?’ असं येऊन कर्सर ‘होय’वरच असेल, तर एंटर दाबलं जाणारच. काय चुकलंय ते त्या इशाऱ्यात सांगितलेलंच नाही! ‘किती वेळा’चा रकाना सुरुवातीला रिकामा हवा आणि वार निवडल्याशिवाय ऑर्डर सेव्ह होता कामा नये. रोजचा डोस खरंच हवा असेल, तर कारण लिहायला लावा.

सिस्टरांना सिरपचं काम द्या, तेही बाटली हातात देऊन. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे १८० मिग्रॅ. ५ मिलित १२० मिग्रॅचं सिरप असेल तर ७.५ मिलि, २५० मिग्रॅचं असेल तर ३.६. पडद्यावर नुसते मिलि दिसत असतील तर बाटली बदलली की डोस दुपटीहून जास्त होतो.

सगळीच कामं चुकीची देऊ नका, लोक आधीच सावध होतात. बिनचूक ऑर्डरी मिसळा आणि त्यांवर किती फुकाचे इशारे येतात ते मोजा. खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होतं ते याच गर्दीमुळे.

मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. बडोद्याच्या वॉर्डात एकाच वाक्यात गुजराती, मराठी, हिंदी येते. इंग्रजीचा आग्रह धरला तर माणूस गप्प होतो. ‘हे कुठे दाबू?’ विचारलं तर उत्तर देऊ नका, ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणा.

डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, प्रत्येक गटातले ५ जण पहिल्या फेरीला पुरतात. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं वाटलं हे विचारणारी १० प्रश्नांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली जरूर भरून घ्या, पण तिचे गुण सोयीचे असतात, सुरक्षिततेचे नव्हेत. दुरुस्तीनंतर नवी माणसं बोलवा; जुन्यांना सापळे माहीत झालेले असतात.