जॉगिन्सच्या कड्यातली पाल

पालीला मी इतकी घाबरते, की सांगलीच्या घरी न्हाणीघरात ती दिसली तर त्या दिवशी आंघोळीला सुट्टी. आणि लेकाने कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून अडीच तास गाडी हाकत नेलं कुठे, तर जॉगिन्सला. "आई, इथे पालीची खापरपणजी सापडलीय."

हायलोनोमस, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा हा सरपटणारा प्राणी, पाल नव्हे, हे त्याने चारदा बजावलं. पण वीतभर अंग, लांब शेपूट, बारीक टोकदार दात. मी पालच म्हणणार.

पोचलो तर भरती. चूक माझीच, डबे भरण्यात वेळ घालवला. फंडीच्या उपसागराची भरती म्हणजे आपल्या गणपतीपुळ्याची नव्हे. पाणी तीन-चार मजले चढतं, कड्याखाली किनारा उरतच नाही. मग ओहोटी लागेपर्यंत गाडीत बसून धपाटे खाल्ले.

पाणी हटल्यावर उतरलो. करड्या थरांत एक बुंधा उभाच्या उभा, दगड झालेला, सालीच्या जागी कोळशाचा काळा पापुद्रा. ३१ कोटी वर्षांपूर्वी इथे विषुववृत्ताजवळची दलदल होती. पुराचा गाळ बुंध्याभोवती साचायचा, झाड मरायचं, गाभा कुजायचा आणि साल तेवढी टिकायची. झाली विहीर तयार! त्यात हायलोनोमससारखे जीव पडले असावेत, किंवा आसऱ्यालाच राहत असतील. काही बुंध्यांत जळक्या लाकडाचा कोळसाही मिळाला, म्हणजे वणव्याला भिऊन आत शिरलेले असणंही शक्य आहे.

१८५२ मध्ये चार्ल्स लायल आणि इथलाच जॉन विल्यम डॉसन या भूशास्त्रज्ञांना अशाच बुंध्यात हाडं सापडली, ती उभयचराची. आमच्या पालीचं बारसं डॉसनने १८६० मध्ये केलं: हायलोनोमस लायली. पहिला शब्द रानात राहणारा या अर्थाचा, दुसरा मित्राच्या नावावरून. बेडकासारखी पाण्यात नव्हे, तर कोरड्यावर अंडी घालणाऱ्यांतला हा अगदी जुना जीव. अंडं मात्र सापडलेलं नाही, सांगाड्यावरून ताडलंय.

मी एक सुबक गोटा पर्समध्ये टाकणार, तोच लेक ओरडला, "ठेव! इथून काही न्यायचं नसतं." ठेवला.

रात्री धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुझ्या न्हाणीघरात एक बसलीय. आता नातं कळलंय, तर राहू दे का?"

म्हटलं, हाकल आधी.