कीवर्डची कॉम्पिटिशन मी कशी तपासली – माझा अनुभव

फाउंटन पेन या विषयावर साइट काढायचं डोक्यात होतं, विषय आवडीचा आहे, पण आपल्याला आवडतं म्हणून गूगल काही पहिल्या पानावर बसवत नाही, त्यामुळे लिहायला घ्यायच्या आधी कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात ते शब्द, किती तगडे आहेत, त्यांवर वर यायला किती चढाओढ आहे ते बघून घेतलं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच, गूगल कीवर्ड प्लॅनर, कुठला शब्द महिन्याला किती शोधला जातो ते दाखवणारं गूगलचं टूल. फुकट आहे, फक्त गूगल अ‍ॅड्सचं अकाउंट लागतं. त्यात कॉम्पिटिशनचा कॉलम असतो, लो मिडियम हाय, आणि बरेच जण तो बघूनच खुश होतात नाहीतर घाबरतात. पण तो कॉलम जाहिरातवाल्यांचा आहे हो! त्या शब्दावर जाहिरातीसाठी किती चढाओढ आहे एवढंच तो सांगतो. पेन विकत घेण्याचे शब्द तिथे हाय असणारच, विकणारे पैसे ओततातच. निबमध्ये सुकलेली शाई कशी काढायची यावर कोण कशाला जाहिरात लावेल, पण म्हणून सर्चमध्ये तो सोपा असेलच असं नाही.

मग एचरेफ्स, सेमरश, मॉझ या कीवर्ड तपासायच्या टूल्सचे डिफिकल्टीचे आकडे, म्हणजे पहिल्या पानावर यायला किती अवघड ते, ० ते १००. एकाच कीवर्डला तिघांचे तीन आकडे, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. एचरेफ्स तर पहिल्या १० निकालांना किती वेगवेगळ्या साइटवरून लिंक आल्यात त्यावर आकडा काढतं, म्हणजे वर बसलेला लेख चांगला आहे की टुकार हे त्यात येतच नाही. मी तो आकडा चाळणीसारखा वापरला, फार मोठा असेल तर बाजूला, बाकीचे पुढे.

केजीआर, म्हणजे कीवर्ड गोल्डन रेशो, पण करून बघितलं. गूगलवर शोधताना कीवर्डच्या आधी ऑलइनटायटल ही कमांड लावून किती पानांच्या टायटलमध्ये ते सगळे शब्द आहेत ते बघायचं, त्याला महिन्याच्या सर्चने भागायचं, ०.२५ च्या खाली आलं तर बरं, आणि हे फक्त २५० पर्यंत सर्च असलेल्या शब्दांसाठी. गंमत अशी की जाहिरातीवर खर्च नसेल तर प्लॅनर नेमका आकडा देतच नाही, १०० ते १ हजार अशी रेंज देतो. ४० पानं असतील तर १०० सर्च धरले की उत्तर ०.४ म्हणजे नापास, २५० धरले की ०.१६ म्हणजे पास. आता यावर काय ठरवणार?

खरा वेळ गेला पहिलं पान वाचण्यात. इनकॉग्निटो उघडायचं, कीवर्ड टाकायचा आणि दहाच्या दहा लिंक उघडून खरंच वाचायच्या, कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट मला तरी मिळाला नाही. मोठ्या साइटचं नाव दिसलं की मी लगेच सोडून देत नव्हते, त्यांनी त्या प्रश्नावर वेगळं पान लिहिलंय का पेनांच्या लांबलचक लेखात दोन ओळी टाकल्यात ते बघायचे. दोन ओळी असतील तर जागा आहे. दहाही निकाल दुकानांची कॅटेगरी पानं असतील तर लोकांना वाचायचं नाहीये, घ्यायचंय, तिथे लेख घेऊन जाण्यात अर्थ नाही, डिफिकल्टी कितीही कमी दिसो. फोरमचा धागा वर दिसला की जागा रिकामी असं पूर्वी म्हणायचे, आता रेडिटसारख्या साइट गूगल स्वतःच वर दाखवतं त्यामुळे ती खूण बोथट झालीये, धाग्यात उत्तर नीट मिळतंय का ते वाचूनच कळतं. आणि गूगल जर एआयचं उत्तर वरच देऊन मोकळं होत असेल तर पहिला नंबर येऊनही क्लिक किती मिळणार देव जाणे, असे एका वाक्यात संपणारे प्रश्न मी काढूनच टाकले.

दोन कीवर्डना जवळपास तीच पानं दिसत असतील तर त्यांचा एकच लेख. असं करत यादी बरीच आटली, बहुतेक सफाई आणि दुरुस्तीचे प्रश्न उरले. तेवढ्यावर लिहायला घेतलं, आणि आता सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचं टूल) ज्या शब्दांवर इम्प्रेशन येतात, म्हणजे माझं पान निकालांत दिसतं, पण पोझिशन मागे आहे त्यांची पहिली पानं परत वाचतेय.