बारा अंकांचा रकाना

महाविद्यालयाच्या ओळखपत्राच्या ऑनलाइन अर्जातला आधार क्रमांकाचा रकाना बारा अंक भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मला जुलैच्या अखेरीस कळले आणि सप्टेंबर उजाडला तरी माझा अर्ज त्याच रकान्यापाशी थांबलेला होता. मी मॉरिशसची. आमच्या घरी क्रिओल बोलतात, मराठी मी शाळेत शिकले आणि पदवीसाठी मुंबईच्या एका महाविद्यालयात आले. व्हिसा, प्रवेश, वसतिगृह आणि आल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागणारी परदेशी नागरिक नोंदणी ही सगळी कामे सुरळीत पार पडली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

मुंबईत माझे कोणी नव्हते आणि वर्गात मी कोणाच्या ओळखीची होत नव्हते. तास संपला की मुले लोकल पकडायला धावत. सूचनाफलकावर नाट्यमंडळाच्या वाचनाची सूचना दिसली, तेव्हा मी गेले ते केवळ संध्याकाळी कोणाशी तरी बोलायला मिळावे म्हणून. माझे मराठी पुस्तकी होते आणि ‘चार’ व ‘चाक’ यांतला च मी सारखाच उच्चारत असे. कोणी हसले नाही. दिग्दर्शन करणाऱ्या दादाने माझी संहिता मागून घेतली, जिथे जिभेने दातांना टेकायचे त्या प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने टिंब दिले आणि ‘जन’ व ‘जण’ हे शब्द माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. त्या टिंबांची ती संहिता माझ्याजवळ अजून आहे.

मात्र पाच वाजल्यानंतर ओळखपत्राशिवाय आवारात थांबता येत नसे आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्रवेशिकेला प्रत्येक कलाकाराच्या ओळखपत्राची प्रत जोडावी लागे. म्हणून मी कार्यालयाच्या खिडकीशी गेले. खिडकी ११ ते १ आणि अडीच ते ४ उघडी असे, म्हणजे नेमकी माझ्या तासांच्या वेळी. मी सांगितले की माझ्याकडे आधार नाही, पासपोर्ट आहे. उत्तर मिळाले, “आधार काढून आणा, मग या.” परदेशी नागरिकाला आधारसाठी अर्ज करायचा, तर आधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते आणि मला येऊन महिनाही झाला नव्हता. हे मी नियमाची छापील प्रत दाखवून सांगितले. दुसऱ्या खेपेस सल्ला मिळाला की बारा शून्ये भरून टाका. मी भरली नाहीत. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने अधिकृत कागदावर खोटा आकडा लिहू नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

अडचण एका रकान्याची नव्हती. पिनकोड सहा अंकी हवा होता, आमच्याकडचा पाच अंकी असतो. राज्यांच्या यादीत भारतातली सगळी राज्ये होती, परंतु ‘इतर’ हा पर्याय नव्हता. मी तीन लेखी अर्ज दिले आणि तिन्ही वेळा “साहेबांकडे पाठवला आहे” एवढेच कळले. साहेबांकडे गेल्यावर त्यांतला एकही सापडला नाही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला फार उशिरा समजली: अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.

त्या काळात मंडळातली एक ताई रोज संध्याकाळी फाटकावरच्या वहीत स्वतःच्या नावाखाली माझे नाव लिहून मला आत नेई. प्रवेशिकेत माझे नाव घालता येईल की नाही हे ठरत नव्हते, म्हणून मला पार्श्वसंगीत सांभाळायला दिले. एकदा चहाच्या वेळी मी आमच्याकडे गणपतीत म्हटल्या जाणाऱ्या झाकरीची चाल गुणगुणत होते. चिपळूणचा एक मुलगा प्लास्टिकचा कप खाली ठेवून म्हणाला, “अगं, ही तर आमची जाखडी!” आणि त्याने उठून पायांचा ठेका धरला. माझे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो ठेका इथल्या कोणाच्या पायांत अजून तसाच असेल, असे मात्र मला वाटले नव्हते. मी खूप रडले आणि त्या दिवशीची तालीम उशिरा सुरू झाली.

काही जण म्हणतात की अर्ज अडकला म्हणूनच मी मंडळात रुळले. मला ते मान्य नाही. मला आपले म्हटले ते माणसांनी, आणि ओळखपत्र पहिल्या आठवड्यात मिळाले असते तरी त्यांनी तसेच म्हटले असते.

शेवटी मंडळाच्या प्रभारी प्राध्यापिका माझ्याबरोबर थेट अधीक्षकांकडे आल्या. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा दाखला आणि शुल्काची पावती एकत्र जोडलेला अर्ज त्यांनी समोर ठेवला. अधीक्षकांनी आपल्या संगणकावरून आधारचा रकाना रिकामा ठेवून माझी माहिती भरली. तशी सोय पहिल्यापासून होती. कामाला पाच मिनिटे लागली. मी पहिल्यांदा खिडकीशी गेले त्याला त्या दिवशी ४७ दिवस झाले होते. ती पाच मिनिटे आठवली की आनंदापेक्षा संतापच अधिक येतो.

म्हणून बाहेरून येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात एखाद्या मंडळात जावे, मग ते नाटकाचे असो, गिर्यारोहणाचे असो वा वाङ्मयाचे, आणि खिडकीशी जाताना त्यातल्या कोणाला तरी सोबत न्यावे. पांढऱ्या पार्श्वभूमीची छायाचित्रेही जवळ ठेवावीत. त्यांच्यासाठी माझी एक खेप वाया गेली होती.

यंदा केनियाहून आलेली एक मुलगी लोकनृत्याच्या गटात आली आहे. गेल्या सोमवारी मी तिच्याबरोबर त्याच खिडकीशी गेले. पोच लगेच मिळाली. ओळखपत्र अजून आलेले नाही, आणि तोवर फाटकावरच्या वहीत माझ्या नावाखाली तिचे नाव मी लिहिते.