नापास केल्यानंतर

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या माझ्या क्लिनिकमधली शुक्रवारची शेवटची अपॉइंटमेंट. मुलगी १९ वर्षांची, बास्केटबॉलमधली पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी. उजव्या गुडघ्याच्या एसीएलचं, म्हणजे गुडघा आतून स्थिर धरणाऱ्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन होऊन सहा महिने नऊ दिवस झालेले. सोबत वडील, एसटीत कंडक्टर, ड्यूटी बदलून घेऊन साताऱ्याकडून पुण्याला आलेले. फाइल उघडली तर सगळ्यात वर एमआरआय नव्हता, रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिरातीची झेरॉक्स होती. महिला बास्केटबॉल, गार्डच्या जागा दोन. ट्रायल तीन आठवड्यांवर. त्यांना माझ्या लेटरहेडवर 'फिट' हा शब्द हवा होता.

आपल्याकडे मुलीने 'प्रोफेशनल' बास्केटबॉल खेळायचं म्हणजे मुळात नोकरी मिळवायची. दिवसा ऑफिस, संध्याकाळी कोर्ट. लीगच्या गप्पा अधूनमधून होतात. मुलांसाठी २०१५ साली थाटात सुरू झालेली यूबीए ही लीग २०१७ नंतर दिसली नाही. आमच्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही रेल्वेकडून खेळलेली. त्यामुळे या मुलींच्या डोळ्यांसमोर एनबीए वगैरे काही नसतं. निवडीचा हिशेब असतो: १०० पैकी ४० गुण ट्रायलचे, ५० आधीच्या कामगिरीचे, १० शिक्षणाचे. कामगिरी धरायची ती चालू आणि आधीच्या दोन आर्थिक वर्षांतली. हिचं ज्युनिअर नॅशनलचं कांस्यपदक ३१ मार्चनंतर शिळं होणार होतं. झेरॉक्सवर पिवळ्या हायलायटरने तीच ओळ रंगवली होती.

दुखापत नेहमीचीच. फास्ट ब्रेकवर, म्हणजे चेंडू मिळताच समोरच्या बास्केटकडे धावताना, एकटी पुढे, अचानक थांबली, वळली, 'टक्' असा आवाज. आजूबाजूला कुणी नाही, धक्का नाही. मुलींचा एसीएल बहुतेकदा असाच जातो, आणि मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा जातो. तरीही वॉर्म-अपमध्ये उडी मारून खाली कसं यायचं हे शिकवणारे कोच इतक्या वर्षांत मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटलेत. बाकीचे शंभर ले-अप, म्हणजे धावत जाऊन जवळून टाकायच्या बास्केट, मारून घेतात.

चाचणीला सुरुवात केली. एका पायावर लांब उडी, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद न हलता उभं राहायचं. डावा पाय १२८ सेंटिमीटर, ऑपरेशनचा उजवा ११९. म्हणजे ९३ टक्के. तिहेरी उडीत ४०२ आणि ३७०, म्हणजे ९२. पुस्तकात पास व्हायला ९० लागतात. बाकावर बसलेल्या वडिलांना आकडे कळत होते. त्यांनी पाठ टेकली.

इथेच पुष्कळ जण टेप गुंडाळून ठेवतात. मी ठेवत नाही, आणि याचा मला थोडा गर्वही आहे. ही टक्केवारी एका पायाची दुसऱ्या पायाशी. पण सहा महिने कोर्टाबाहेर बसून 'चांगला' पायही उतरलेला असतो. तिच्या उंचीच्या खेळणाऱ्या मुली माझ्या क्लिनिकमध्ये १४५-१५० सहज मारतात. एक कमजोर पाय दुसऱ्या कमजोर पायाच्या ९३ टक्के भरला, एवढंच त्या आकड्यातून कळलं. शिवाय उडीत गुडघ्याची कसर खुबा आणि घोटा भरून काढतात.

म्हणून टेबलावर बसवून मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजली. डायनॅमोमीटर हाताने धरला तर अशा मुलींपुढे माझाच हात हरतो आणि आकडा खोटा येतो. मी तो पट्ट्याने टेबलाच्या पायाला आवळते. उजवा डाव्याच्या ७८ टक्के. मग तिला जिन्यावरून चार फेऱ्या पळवलं, धाप लागलेली असतानाच ३० सेंटिमीटरच्या खोक्यावरून खाली उडी मारायला लावली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. पहिली उडी ठीक. तिसऱ्या उडीला वजन सगळं डावीकडे, आणि उजवी वाटी अंगठ्याच्याही आत झुकलेली. मी व्हिडिओ थांबवून तिला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा माझा पाय वाटतच नाही."

वडिलांनी विचारलं, "पट्टा बांधून खेळली तर?"

"पट्ट्याने गुडघा आत जायचा थांबत नाही."

"मग परत तुटायचा धोका किती?"

त्यांना २०१६ चा एक अभ्यास सांगितला: नऊ महिन्यांपर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होतं. त्यांनी सुट्टे मोजावेत तसा मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे न तुटण्याचाही चान्स आहे की." मग जरा थांबून, "मॅडम, सर्जनसाहेबांनी सहा महिने लिहिलंय." लिहिलं होतंच. डिस्चार्ज कार्डावर सगळ्यांना छापून मिळणारी एक ओळ. त्या ओळीने माझ्या कामाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या कोचनेही केलेलं नाही.

मी लिहिलं: स्पर्धात्मक खेळासाठी अद्याप अयोग्य, तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. तिने कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला, बुटांच्या नाड्या बांधल्या, "थँक्यू मॅडम" म्हणाली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं तिनेच नंतर फोनवर सांगितलं. दुसरीकडे पाच मिनिटांत 'फिट' मिळालं, गुडघ्याला हातही न लावता. ट्रायल खेळली. निवड झाली. गुडघा टिकला. फोनवर आवाजात टोमणा नव्हता. उलट पेढे कुठे पाठवू असं विचारत होती.

माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. तोच व्हिडिओ पुन्हा समोर आला तर तेच लिहीन. सलतं ते वेगळं आहे. ती जाणार हे मला त्या नाड्या बांधताना कळलं होतं. तीन आठवडे हातात होते. तेवढ्यात ताकद भरून येत नाही, पण दोन पायांवर थांबायला शिकवता आलं असतं, ट्रायलच्या दिवशी वॉर्म-अप किती करायचा, दमल्यावर पाणी मागून बाहेर कधी यायचं हे सांगता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. 'अयोग्य' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. ती माझ्या परवानगीशिवाय गेली, त्यात गैर काही नाही. पण माझ्या मदतीशिवायही गेली. आणि मदत केली असती तर ती मूक संमती ठरली असती का, यावर माझं आणि माझ्या सहकारी फिजिओचं अजून एकमत होत नाही. सहकारी म्हणते, शिक्का एकीकडे आणि शिकवणी दुसरीकडे, असं चालत नाही.

मुलगी आता तिच्या सामन्यांचे व्हिडिओ पाठवते. मी ते लगेच उघडते. बास्केट पडली की नाही हे बघायला मला प्रत्येक व्हिडिओ दुसऱ्यांदा लावावा लागतो.